आतल्या आवाजातली किआय

फोन आला तेव्हा मी नांदगावला माहेरी होते, भावाच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. भावजय जिन्यातून ओरडली, "अक्का, दाजींचा फोन!" ह्यांची रात्रपाळी चालू होती आणि रात्रपाळीच्या दिवसांत हे दुपारी कोणाला फोन करत नाहीत, झोपतात. मी हॅलो म्हटलं. हे म्हणाले, "कुंदा स्वयंपाकघरात बसलीय. भिंतीला टेकून बसलीय, उठत नाहीये." उठत नाहीये म्हणजे काय, हलवा तिला, पाणी मारा तोंडावर, मी इकडून ओरडले. हे म्हणाले, "गार लागतीय गं..." हाताला लागलेला कुरडयांचा चीक तसाच घेऊन मी एस.टी. स्टँड गाठला. सगळा प्रवास तो बोटांवर वाळत राहिला आणि मी तो नखांनी खरवडत राहिले.

कुंदा म्हणजे माझी धाकटी नणंद. नाशिकरोडच्या एका सकाळच्या शाळेत शिक्षिका होती आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, आमच्याच क्वार्टरमध्ये, आमच्याबरोबर राहायची. संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना कराटे शिकवायची. तिला जाऊन महिना उलटला. सगळे म्हणतात, तुम्ही लिहा तिच्याबद्दल, तुम्हीच जवळून पाहिलंय. मी लिहायला बसते, दोन ओळी होतात, उठते, ओटा पुसते, पुसलेला ओटा परत पुसते, परत येऊन बसते. खरं सांगू? मला तिच्याबद्दल छान छान लिहायचंच नाहीये. मला तिच्याशी भांडायचंय. त्या दिवशी घरी पोचले, बायाबापड्यांनी घर भरलेलं, आणि माझी नजर गेली ती कुकरवर. गॅस बंद होता. झाकण काढलं तर डाळ अर्धी कच्ची. म्हणजे छातीत कळ आली तेव्हा बाईनं काय केलं, तर आधी हात लांब करून गॅस बंद केला. शिटी व्हायला नको. आत दादा झोपलेत ना! गॅस बंद करायचं भान होतं, हाक मारायचं नव्हतं? मधे एक भिंत फक्त, आणि भिंतीपलीकडे सख्खा भाऊ. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. त्या 'कदाचित'नं माझी झोप उडवलीय. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना ओरडायला शिकवलं, ती स्वतः हूं की चूं न करता गेली. मग ते शिकवणं होतं कशासाठी? डोंबलाचं?

थांबा, अशी चिडून सांगत सुटले तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधी कॉलनी सांगायला हवी. वीज केंद्र रात्रंदिवस चालतं, माणसं तीन पाळ्यांत कामाला जातात, म्हणजे कोणत्याही वेळी कॉलनीत कुणी ना कुणी झोपलेलं असतंच. इथल्या बायकांच्या तोंडी दिवसातून सगळ्यात जास्त येणारा शब्द म्हणजे 'हळू'. हळू, बाबा झोपलेत. हळू, वरचे काका झोपलेत. आमच्याकडे दारावरच्या घंटीची वायर मी काढूनच ठेवली होती. भाजीवाला आमच्या लाइनीत आला की ओरडायचा नाही, गाडी उभी करून मुकाट्यानं वाट बघायचा. बाहेरगावचे पाहुणे आले की म्हणायचे, काय गुणी आहेत हो तुमच्याकडची पोरं, आवाज म्हणून नाही. गुणी कसली, पाळण्यापासून दाबलेली! पण मी तरी काय करणार होते? बॉयलरवर उभा राहणारा माणूस झोपेत असून चालत नाही. घरात शांतता ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही... म्हणजे, वाटत नव्हतं.

आणि अशा घरात ही बया आली! लग्न होऊन मी आले तेव्हा कुंदा डी.एड. करत होती आणि नाशिकरोडला एका हॉलमध्ये कराटे शिकायला जायची, सायकलवरून, सलवार-कमीजवर पोरांच्या बुटांत. तिची स्थळं बघायची माझी हौस फार. पण कराटेचं कानावर गेलं की मंडळी पोहे खाऊन जायची ती परत यायची नाहीत. एकदा येवल्याकडची एक होणारी सासू फारच सरळ निघाली. तिनं विचारलं, "ते बाकी ठीक आहे, पण आमच्या मुलाला मारणार तर नाहीस ना?" कुंदानं मान खाली घालून, अगदी सोज्वळपणे सांगितलं, "कारण नसताना नाही मारणार." मी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसले आणि मंडळी गेल्यावर तिला अशी झापली की विचारू नका. झापली म्हणजे कुजबुजत. कारण हे झोपलेले. आम्ही दोघी नणंद-भावजय इतकी वर्षं कुजबुजत भांडलो. डोळे वटारून, झारा नाचवून, सगळं बिनआवाजाचं. शेजारच्या शिंदेवहिनी म्हणायच्या, तुमच्या घरात कसं ग नेहमी गोडीगुलाबी!

तिला नोकरी लागली आणि तिनं कॉलनीच्या सभागृहाच्या ओसरीवर क्लास काढला. साल सांगत नाही, पण माझी अश्विनी तेव्हा दुसरीत होती, नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पहिल्या आठवड्यात आले ते सगळे आईबाप एकच मागणं घेऊन आले, पोरगं मार खाऊन येतं, त्याला मारायला शिकवा. कुंदा म्हणायची, आधी उभं राहायला शिकवते. मग ती पोरांना नुसतं उभं करायची, पाय रोवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. आणि मग किआय. किआय म्हणजे ठोसा मारताना बेंबीच्या देठापासून काढायची आरोळी. पहिल्याच संध्याकाळी वीसेक पोरांनी एकदम आरोळी ठोकली आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे अहिरेभाऊ बनियनवर धावत खाली आले. सटाण्याकडचा माणूस, रागावला की सरळ अहिराणीत शिरायचा. "ताई, हाई काय लावेल शे? पोरे वरडतस, माले झोप लागत नही!" दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले. तिसऱ्या दिवशी मीच गेले, बाई गं, दादा तुझा दुपारपाळी-रात्रपाळी करून मरतोय आणि तू त्याच्या उशाशी ही जत्रा भरवलीस?

कुंदानं मग एक युक्ती काढली. आपल्या कॉलनीतल्या माणसालाच सुचावी अशी. तिनं पोरांना 'आतली किआय' शिकवली. तोंड तेवढंच मोठं उघडायचं, पोट तसंच आवळायचं, डोळे तसेच वटारायचे, पण आवाज बाहेर काढायचा नाही, नुसती हवा सोडायची. आमची पोरं त्यात काय तरबेज झाली म्हणता! आधीच आवाज दाबायची सवय. सगळी कॉलनी खूष, अहिरेभाऊंनी तर तिला बोलावून चहा पाजला. नाशिकला स्पर्धा झाली तेव्हा तेवढी फजिती झाली. आमची पोरं ठोसा मारून माशासारखी तोंडं उघडायची आणि पंच म्हणायचे, ह्यांच्यात जोरच नाही. एकही पदक न घेता सगळी परत आली. कुंदा हसली, आम्हीही हसलो. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर एका शनिवारी मी अश्विनीला घेऊन पंचवटीत गेले होते, भाजी घ्यायची होती आणि मामेसासूबाईंकडे डोकावायचं होतं. तिथल्या बोळांत गर्दी ही अशी. मी मेथीच्या जुडीवरून बाईशी घासाघीस करतेय आणि सहज मागे वळले, तर पोरगी शेजारी नाही. दोन दुकानं पलीकडे एक माणूस तिचा दंड धरून तिला आडगल्लीत ओढत होता, आणि माझी लेक... अजून अंगावर काटा येतो... माझी लेक पाय रोवून, तोंड आ वासून, डोळे वटारून उभी, आणि आवाज नाही. गर्दीतली माणसं तिच्या अंगावरून जात होती. बाप पोरीला रागवत असेल असंच वाटलं असणार त्यांना. मी जी बोंब ठोकली ती गोदावरीपलीकडे गेली असेल. माणूस हात सोडून पळाला. रिक्षात तिला पोटाशी धरून बसले. मी म्हटलं, अगं, ओरडली का नाहीस? तर रडत म्हणाली, "केली ना मी किआय. आतल्या आवाजात केली."

घरी आल्यावर मी कुंदाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी दिवसाढवळ्या तोंड उघडून बोलले. हे उठून बाहेर आले तरी थांबले नाही. तुझा क्लास बंद कर, उद्याच्या उद्या बंद कर! कुंदा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली. हो, तिथंच, त्याच भिंतीला. मग म्हणाली, "वहिनी, माझ्यामुळं झालं. मी पोरांना मुकं केलं. पण क्लास बंद नाही करायची. आवाज उघडते त्यांचा." मी म्हटलं, कुठं उघडतेस, इथं लोक झोपलेत. ती म्हणाली, "जागा शोधते."

आणि जागा शोधली कुठं, तर कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, रिकाम्या होतात त्या बाजूला, कुंपणाबाहेरच्या माळावर! तिथं वाघिणी उलट्या करताना इतका खडखडाट होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या खडखडाटाच्या वर आपला आवाज गेला पाहिजे, ही कुंदाची नवी परीक्षा. पोरं संध्याकाळी घरी यायची ती नाकपुड्या काळ्या करून, पांढऱ्याशुभ्र गणवेशांचे पोतेरे करून. कॉलनीतल्या आया माझ्यावर धावून आल्या, साबण काय तुमची नणंद देणार का? पण पोरं! काय ओरडायला लागली म्हणून सांगू! आधी लाजत, मग खिदळत, मग खरोखरची, पोटातून. कुंदा त्यांच्यापुढे उभी राहून गळ्याच्या शिरा ताणून सांगायची. ते मी कुंपणाशी उभं राहून ऐकलंय. "समोरच्याला घाबरवायला नाही ओरडायचं, तो नाही घाबरणार. लोकांना बोलवायला ओरडायचं. तुमचा ठोसा केवढासा! पण तुम्ही ओरडलात तर माणसं येतात. येतातच." एका पोरीनं विचारलं, आणि नाही आली तर? कुंदा म्हणाली, "तर अजून जोरात."

त्या क्लासमध्ये तुषार नावाचा एक पोरगा होता, शिंदेवहिनींचाच. काडीपैलवान, दम्याची खोड, ठोसा मारायला गेला की स्वतःच पडायचा. कोणतीच लढत कधी जिंकला नाही. शिंदेवहिनी वैतागून म्हणायच्या, फुकट चाललाय क्लास. एका उन्हाळ्यात चार-पाच पोरं घरी न सांगता पाटावर पोहायला गेली आणि त्यातला एक घसरून प्रवाहात गेला. बाकीची पोरं घाबरून पळाली, घरी मार बसेल म्हणून. हा तुषार, ज्याला पोहता येत नाही, तो काठाकाठानं पळत राहिला आणि ओरडत राहिला. कांद्याच्या वावरातून दोन शेतकरी धावत आले, त्यांनी उडी टाकून पोराला काढलं. संध्याकाळी त्या शेतकऱ्यांतला एक बाबा दोन्ही पोरांना घेऊन कॉलनीत आला. शिंदेवहिनींना म्हणाला, "ह्ये पोरगं असं वरडत व्हतं, आमाला वाटलं बिबट्यानंच धरलं. लय आवाज हाय बगा ह्याला." शिंदेवहिनी रडत होत्या आणि कुंदा कोपऱ्यात उभी राहून तुषारकडे बघत होती. त्याच्या दम्याच्या छातीतून शिट्ट्या वाजत होत्या. तिनं त्याला शाबासकीसुद्धा दिली नाही, नुसता कमरेतून वाकून नमस्कार केला, कराटेत बरोबरीच्या माणसाला करतात तसा. पोरगं एवढं ओशाळलं!

हे असं सगळं. अश्विनी आता पुण्यात नोकरी करते, एकटी राहते, रिक्षावाल्यांशी भांडते, मला तिची काळजी वाटत नाही. ही कुंदाची करणी, नाकारू कशाला? मग हीच कुंदा घराच्या फाटकातून आत आली की तिचा आवाज खाली का यायचा? माळावर गर्जणारी बाई उंबऱ्यात चप्पल काढताना चप्पलसुद्धा वाजू द्यायची नाही. आमचं मागचं दार दुपारच्या वाऱ्यानं धाडकन आपटायचं, ह्यांची झोप मोडायची. तर हिनं काय करावं? आपला कराटेतला जुना तपकिरी पट्टा, काळा मिळाल्यावर सुटलेला, घेतला आणि दार सताड उघडं ठेवून कडी खिडकीच्या गजाला करकचून बांधून टाकली. रोज जेवणं झाली की दार बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. मी चिडवायची, बायका पट्टा मिरवतात, तू दाराला दिलास. ती म्हणायची, "दाराचा दादा झोपलाय ना, वहिनी." काहीतरीच बोलायची.

दिवसकार्याला तिची किती मुलं आली! कोणी इंजिनियर, कोणी पोलिसात, कोणी तान्हं बाळ काखेला घेऊन. सगळी हळू आवाजात बोलत होती. मला तर किंचाळावंसं वाटत होतं. तुषार आला, आता चांगला उंच झालाय. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्या भिंतीकडे बघत राहिला. अश्विनी रात्री माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, आत्यानं आम्हाला सांगितलं ना माणसं येतातच म्हणून. मग तिचा स्वतःचा विश्वास नव्हता का?" ह्यांनी दिवसपाळी मागून घेतली. सुट्टीच्या दुपारी आडवे होतात, पण झोपत नाहीत, मला कळतं. एकदा छताकडे बघत म्हणाले, "मी इतका गाढ झोपतो का गं? हाक मारली असती तर ऐकली नसती का मी?" मी म्हटलं, ऐकली असती हो. पण मला तरी कुठं ठाऊक होतं?

आता परवाचं सांगते आणि थांबते. सुट्टीचा दिवस, दुपार, हे आत पडलेले. मी मागचं दार बांधलं, त्याच पट्ट्यानं. टाकवत नाही मला तो. कुकर लावला. वाफ फुसफुसायला लागली, शिटी होणार एवढ्यात माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला... आणि तिथंच थांबला. असाच तिचा गेला असेल. तिच्या जागी, त्या भिंतीला टेकून मी खाली बसले आणि मला काय झालं कोण जाणे, पोट आवळलं, तोंड उघडलं आणि ओरडले, "कुंदाऽऽऽ!" किआय म्हणतात ती हीच असावी. मला कधी शिकवली नव्हती तिनं. कुकरचीही शिटी झाली त्यातच.

आणि काय सांगू... आतून हे आले, चष्मा नाही, भिंत चाचपत. शिंदेवहिनी आल्या, कोपरापर्यंत कणीक. वरून जिन्यावर धडधड धडधड पावलं वाजली आणि सताड उघड्या मागच्या दारातून अहिरेभाऊ आत आले, अनवाणी, बनियन उलटी, डोळे झोपेनं लाल. रात्रपाळी करून झोपले होते हो ते! "काय व्हयनं वहिनी? काय व्हयनं?" मी खाली बसल्या बसल्या म्हटलं, काही नाही भाऊ, आवाज वरपर्यंत येतो का ते बघत होते. अहिरेभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली, कुकरवर गेली, आणि तो एवढा आडदांड माणूस मटकन माझ्यासमोर फरशीवर बसला. म्हणाला, "येतो ना वहिनी. सगळा येतो. आम्ही काय मेलो होतो का..." ह्यांनी तोंड फिरवलं. शिंदेवहिनी कणकेच्या हातानं माझं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

कुंदा, दुसरी शिटी व्हायच्या आत सगळे आले गं.